मेडशीच्या रस्त्यावर मी भुकेनं मेलो, त्याची हकीकत

मुलगी पाहायला रिठदला जायचं असं ठरलं तेव्हा आई म्हणाली, "आता हे लग्न जमलं नाही तर मी विहीर जवळ करीन." आमच्या घराला विहीरच नव्हती, पाणी शेजारच्यांच्या विहिरीवरून यायचं. शिवाय आदल्याच दिवशी दूध उतू गेलं तेव्हाही ती विहीर जवळ करणार होती. त्यामुळे मी घाबरलो नाही. उलट म्हणालो, "आई, एवढा मोठा प्रवास आहे, परत येईन की नाही कुणास ठाऊक." रिठद म्हणजे अकोल्याहून मोटारीनं वाशीम आणि तिथून बैलगाडी. एवढंच.

आमचं घराणं मूळचं नाशिककडचं. मी अकोल्याच्या एका शाळेत ड्रॉइंग मास्तर म्हणून आलो आणि आईला घेऊन इथंच राहिलो. आमच्या घरात कुणाला ताप येत नाही, अंगाची भट्टी होते. कुणाला उशीर होत नाही, युगं लोटतात. वर्गात मी एकेक गोष्ट हजारदा सांगतो, म्हणजे दोनदा सांगितलेली असते. हे सगळं खोटं बोलणं आहे असं मला कधी वाटलं नाही. जेवणात मीठ लागतं तसं बोलण्यात हे लागतं, अशी माझी समजूत होती. माझ्या हातून मीठ जरा जास्त पडतं, इतकंच.

सोबतीला आईचे भाऊ, भिकाजीमामा आले. मामा अगदी उलट्या जातीचे. एका वादळात त्यांच्या घरावरचं निम्मं छप्पर उडून गेलं, तेव्हा आईला त्यांनी कळवलं होतं, "जरा वारा होता." वाशीमला त्यांचे एक जुने स्नेही होते. हे स्थळ त्या स्नेह्यांनीच सुचवलेलं. रिठदचे किसनराव पाटील, बऱ्यापैकी शेती, धाकटी मुलगी अनसूया लग्नाची.

अकोल्याहून वाशीमला आगगाडी नाही, सर्व्हिस मोटारीनंच जावं लागतं. मी सांगतोय ते लढाईच्या आधीचं, तेव्हा पेट्रोल सुखानं मिळत होतं. हल्ली त्याच मोटारींच्या पाठीला कोळशाची भट्टी बसवलेली असते आणि घाटात उतारूंना खाली उतरून ढकलावं लागतं म्हणतात. ज्यांना जायचंय त्यांनी ड्रायव्हरशेजारची जागा धरावी, तिला थोडे जास्त आणे पडतात, पण मागे बसलात तर उतरताना घरचे लोक ओळखणार नाहीत इतकी धूळ बसते. (बायको वाचतेय म्हणून दुरुस्त करतो. घरचे ओळखतात, पण आधी अंघोळ करायला सांगतात.) मोटार सुटायची वेळ सकाळी आठची असते. ती भरली की सुटते.

माघ नुकताच लागला होता. पहाटेचा गारवा अजून गेला नव्हता आणि मोटारीला बाजूला पडदेसुद्धा नव्हते. पातूरला थांबलो तेव्हा मी चहा घेतला आणि शेव-चिवड्याचे दोन पुडे संपवले. आईनं बजावलं होतं की घरून पोटभर खाऊन निघू नकोस, तिकडचे लोक वाढून वाढून मारतात. म्हणून मी पातूरला खाल्लं. मामांनी नुसता चहा घेतला.

पातूरच्या पुढं घाट लागतो. दोन्ही बाजूंना सागाची झाडी, पानं गळून मोठमोठी पसरलेली, आणि मधून रस्ता वळत जातो. हा टप्पा खरोखर सुंदर आहे. इथं मला काही वाढवून सांगायची गरज नाही, म्हणून मी पुढं जातो. घाट संपला, झाडी विरळ झाली, मेडशी जवळ आली, आणि मोटारीच्या मागच्या चाकावरच्या स्प्रिंगचा पाटा तुटला.

ड्रायव्हर मेडशीत लोहार शोधायला गेला. आम्ही सगळे उतारू रस्त्याकडेच्या कडुनिंबाखाली बसलो. एका बाजूला तूर कापून पेंढ्या उभ्या केलेल्या, दुसऱ्या बाजूला बाया कापसाची शेवटची वेचणी करत होत्या. मामांनी टोपी डोळ्यांवर ओढली आणि ते झोपले. माझ्या शेजारी एक म्हातारा कासार होता. बांगड्यांची पेटी त्यानं मांडीवर घेतली होती, लेकरू घ्यावं तशी.

"कुठलोक चालले मास्तर?" त्यानं विचारलं.

"रिठदला. किसनराव पाटलांकडे."

"किसनरावाच्या घरी? थे तं माहंच घर समजा. त्या घरच्या बायाइले बांगड्या मीच भरतो. अनसूयाले पाहाले चालले काय?"

"हो. अख्ख्या वऱ्हाडात अशी मुलगी नाही म्हणतात."

"नाईच," कासार म्हणाला. "तिच्या हातात बांगडी भरली ना बाप्पा, तं बांगडीच्या अंगावर तेज येते. मी डोयानं पाह्यलं."

दोन गवई वाटेत भेटावेत आणि एकमेकांचा सूर ओळखावा तसं आमचं झालं. त्यानं मला यंदाच्या थंडीत पक्षी झाडावरून दगडासारखे पडल्याचं सांगितलं. मी त्याला आमच्या शाळेतल्या गर्दीत पोरं खिडकीत टांगून ठेवावी लागतात असं सांगितलं. उन्हं चढली. ड्रायव्हर काही येईना.

"तोंड उतरलं तुमचं," कासार म्हणाला.

"उतरणार नाही तर काय. भुकेनं मेलोय मी. पोटात नुसती आग पडलीय. कालपासून अन्नाचा कण पोटात ठरलेला नाही. हे असंच चाललं तर रिठदला माझं प्रेतच पोचेल."

पातूरच्या चिवड्याचा खारट चवीचा दाणा तेव्हासुद्धा माझ्या दाताखाली होता.

कासारानं माझ्याकडे नीट पाहिलं. "कवापासून हाय हे?"

"जन्मापासून," मी म्हणालो.

त्यानं मामांना हलवलं. "मामा, भाच्याची तब्येत कशी हाय हो?"

मामांनी टोपी न उचलता उत्तर दिलं, "बरी आहे तशी."

तेवढ्यात अकोल्याला कापूस टाकून रिकामी परतणारी एक लॉरी आली. ती रिसोडच्या बाजूला जाणार होती. कासार पेटी घेऊन तिच्यावर चढला आणि जाताना मला म्हणाला, "जपून या मास्तर." किती मायाळू माणूस, असं मला वाटलं.

आम्ही वाशीमला पोचलो तेव्हा दिवे लागायची वेळ झाली होती. मुक्काम मामांच्या स्नेह्यांकडे केला. ज्यांची ओळख नसेल त्यांनी बालाजीच्या देवळाजवळची धर्मशाळा विचारावी, पांघरूण मात्र आपलं न्यावं. सकाळी देवदर्शन केलं, चहा घेतला, दोन केळी खाल्ली, आणि बाहेर आलो तर पाटलांची गाडी दारात उभी होती.

ती गाडी पाहून माझी छाती फुगली. गाडीत गुडघाभर कडबा, त्यावर गादी, गादीवर नवी सोलापुरी चादर, आणि टेकायला लोड. गाडीवान सखाराम माझ्या वयाचाच होता. त्यानं माझा हात धरून मला गाडीत चढवलं. मामांना त्यानं हात दिला नाही, ते आपले आपण चढले.

"लेटा मास्तर," सखाराम म्हणाला.

"बसतो की."

"नोको. लेटाच. पाटलानं सांगतलं, धक्का लागू देऊ नोको."

जावयाचा मान इतका असतो हे मला ठाऊक नव्हतं. मी लोडावर रेललो. मामा कडेला फळीवर बसले. वाट शेतांमधून जाते, काळी जमीन, जवारीची कणसं भरलेली, हुरडा भाजल्याचा धूर कुठंतरी. बैल इतके सावकाश चालले होते की मागून आलेली दुसरी एक गाडी आम्हाला ओलांडून गेली. अधूनमधून सखाराम वळून बघायचा.

"कसं वाटून राह्यलं?"

एका ओढ्यात चाक दणकन आपटलं. मी सवयीनं म्हणालो, "मेलो रे. आतडी तोंडात आली."

सखारामनं गाडी थांबवली, खाली उतरून बैलांना पाणी पाजलं, आणि माझ्या नकळत माझ्याकडे पाहून हात जोडले. ते मला नंतर मामांनी सांगितलं. त्या वेळी का सांगितलं नाहीत, असं विचारलं तर म्हणाले, "तू विचारलं नाहीस."

रिठदला पाटलांच्या ओसरीवर जाजम अंथरलं होतं. पाय धुवायला ऊन पाणी आलं. किसनराव उंच, सावळे, बोलायला जरा जड. त्यांच्याजवळ एक म्हातारे गृहस्थ बसले होते.

"हे आमच्या गावचे वैद्यबुवा," पाटील म्हणाले. "सहज आले."

वैद्यबुवांनी सहज माझी नाडी पाहिली. मग सहज जीभ काढायला सांगितली. पोटावर दोन बोटं ठेवून दाबलं आणि विचारलं, "दुखते?" गुदगुल्या झाल्या म्हणून मी कळवळलो. त्यांनी पाटलांकडे पाहून मान हलवली. बैल घेताना दात पाहतात हे मी ऐकलं होतं, तसा या बाजूला जावई पारखायचा रिवाज असेल असं समजून मी अगदी आज्ञाधारकपणे सगळं करून घेतलं.

मग पानं मांडली. या भागात येणाऱ्यानं जेवणासाठी म्हणून यावं, इतकं मी जरूर सांगेन. मामांच्या पानात पुरणपोळी होती, वाटीभर तूप, पाटवडीची झणझणीत भाजी, ओल्या तुरीच्या दाण्यांची आमटी, कढी, भजी. माझ्या पानात मऊ भात होता आणि ताक. एका कोपऱ्यात मीठ.

वाढणारी बाई तिशीच्या आतली असेल. कपाळ मोकळं, लुगडं साधं. ती पाटलांची थोरली मुलगी गोदा. नवरा वारल्यावर ती माहेरी परत आली होती, हे मामांच्या स्नेह्यांनी आम्हाला सांगितलं होतं. तिनं भात वाढताना माझ्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, जावयाला आधी भात देत असतील, मग पोळी. मी भात संपवला आणि वाट पाहत बसलो. पोळी आली नाही. मामा तिसरी पोळी तुपात बुडवत होते, माझ्याकडे न बघता.

जेवणानंतर अनसूया पानाचं तबक घेऊन आली. तिनं तबक ठेवलं, नमस्कार केला, एकदा वर पाहिलं. पाहिलं ते माझ्या पोटाकडे. मी सदरा खाली ओढला. नाव विचारलं, तिनं सांगितलं. परत जाताना जाजमाचं टोक मुडपलेलं तिला दिसलं, ते तिनं पायाच्या अंगठ्यानं सरळ केलं आणि आपण हे सगळ्यांदेखत केलं हे लक्षात येऊन स्वतःशीच हसली. तिथंच माझा जीव गेला. (सवयीनं लिहिलं. जीव जागेवरच होता. पण त्या हसण्यानंतर मला दुसरी कुठली मुलगी पाहायला जायचं नव्हतं, हे मात्र रतीभर वाढवलेलं नाही.)

ती आत गेली आणि किसनराव मामांना म्हणाले, "मामा, राग नोका धरू. मानसं चांगली हायत तुमी. पन आमी हे सोयरीक करून नाई राह्यलो."

"बरं," मामा म्हणाले, आणि टोपी शोधायला लागले.

मी उभा राहिलो. "पण झालं काय? काही चुकलं का आमचं?"

पाटलांनी दाराकडे पाहिलं. दारात त्यांची बहीण उभी होती, सुंदराआत्या. घर तिच्या हुकमात चालतं हे मला आल्याबरोबर कळलं होतं.

"तुमच्या पोटाचं आमाले समजलं मास्तर," ती म्हणाली.

"माझ्या पोटाचं काय?"

"आग हाय नं पोटात. जन्मापासून. अन्न ठरत नाई. अकोल्याच्या डाक्तरानं सांगतलं म्हने, का रिठदलोक पोचले तं नशीब समजा. काल कासार सांगून गेला."

डॉक्टर कासारानं आपल्या पदरचा घातला होता. ओसरीच्या पायरीशी सखाराम होता, तो म्हणाला, "गाडीत तं आतडं तोंडात आलं होतं. म्या पाह्यलं."

मला हसू फुटलं. मी एकटाच हसत होतो. कुणीच हसत नाही हे पाहून मी घाईघाईनं म्हणालो, "अहो, मला भूक लागली होती हो. भुकेलेला माणूस बोलतो तसं बोललो. मला कसला रोग? मी दगड पचवतो. शंभर पोळ्या आणा, बसल्या बैठकीला संपवतो. हत्तीशी कुस्ती लावा माझी."

आत्या म्हणाली, "ज्या तोंडानं मेलो म्हनता, त्याच तोंडानं दगड खातो म्हनता. आमी कोन्तं खरं धराव?"

मला एकदम सगळ्या ओसरीभर ऊन पडल्यासारखं झालं.

मग किसनराव बोलले. आवाज चढवला नाही त्यांनी. "मास्तर, तुमच्या बोलन्याचं नाई एवढं. कासार बी दहाचे शंभर करते, आमाले ठाऊक हाय. पन आमच्या गोदाच्या येळेस काय झालं, सांगतो. पोरगा चांगला, घर चांगलं. मी मधातल्या मानसाले इचारलं, पोराची तब्येत कशी हाय. थो म्हने, बरी हाय तशी. जराशीक कसर राह्यते अंगात. मी म्हनलं, कसर कोनाले नसते? लगन करून देल्लं. क्षय होता त्याले. पोरगी वर्साच्या आत वापस आली." त्यांनी पानाचं तबक बाजूला सारलं. "काल कासार सांगे, का मास्तराच्या मामाले इचारलं तं मामा बी तेच बोलले. बरी हाय तशी."

सगळ्यांनी मामांकडे पाहिलं. मामांचा चेहरा पांढरा पडला होता. टोपी त्यांच्या हातातच राहिली. उभ्या आयुष्यात मी त्यांना एवढं बोलताना ऐकलं नव्हतं. "पाटील, याला काहीही झालेलं नाही. मी झोपेत होतो. मी नेहमी तसंच बोलतो, सगळ्याच गोष्टींबद्दल. याच्या बोलण्यातले बारा आणे सोडायचे असतात आणि माझ्या बोलण्यात बारा आणे घालायचे असतात. आमच्या घरी सगळ्यांना ते माहीत आहे."

"तुमी घरचे हायत," किसनराव म्हणाले. "घरचे मानसं सांभाळूनच घेतात."

यावर काय बोलायचं? माझ्या तोंडाशी येणारं प्रत्येक वाक्य मोठं होतं. देवाची शपथ, आईची शपथ, रक्तानं लिहून देतो. एकही त्या ओसरीवर ठेवण्यासारखं नव्हतं. मघाशी ताकभात वाढताना त्या बाईनं माझ्या चेहऱ्याकडे का पाहिलं असेल, ते आता मला कळलं होतं, आणि त्यानंतर मला माझ्या पुरणपोळीचं दुःख करायची लाज वाटायला लागली.

आतून गोदा दारापर्यंत आली. उंबऱ्याच्या आतच थांबली.

"बाबा, म्या बोलू?"

"बोल."

"यायले काई रोग नाई."

"तुले काय ठाऊक?" आत्या म्हणाली.

"आत्या, त्या घरी म्या थे सारं पाह्यलं. तुमचा जावई लय दुखन्यात होता. पन कधी डोकं दुखते म्हनलं नाई त्यानं. रात रात खोकला दाबे, का आवाज बाहीर जाऊ नये. म्या इचारलं का म्हने, काई नाई, बरा हाय. ज्याच्या अंगात खराच रोग राह्यते थो तोंड मिटून राह्यते." तिनं पहिल्यांदा सरळ माझ्याकडे पाहिलं. "हा मानूस भर रस्त्यावर, परक्या कासाराले मरतो म्हनून सांगते. लपवाचं असतं तं असा बोंबलला असता काय?"

किसनराव मुलीकडे पाहत राहिले. तिच्या नवऱ्याबद्दल ती इतक्या वर्षांत त्यांच्यासमोर एक शब्द बोलली नव्हती, हे मला फार पुढं अनसूयाकडून कळलं. त्या वेळी एवढंच दिसलं की त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं आणि वैद्यबुवांकडे वळून विचारलं, "तुमी काय म्हनता?"

"नाडी तं बैलासारखी चालून राह्यली," वैद्यबुवा म्हणाले. "पन तुमी रोग हाय म्हनले, म्हनून मी शोधत होतो."

आत्यानं पदर खोचला. "वाढा यायले. पोटभर वाढा."

मला पुन्हा पानावर बसवलं. यावेळी सगळं आलं. सगळे भोवती बसून बघत होते, आत्या समोर पाट घेऊन. वऱ्हाडातली पुरणपोळी परातीएवढी असते. बायकोनं इथं पेन्सिलीनं लिहिलंय, ताटाएवढी. असो. पाटवडीच्या तिखटानं डोळ्यांतून पाणी आलं, कुणी ते भावनेचं समजले असतील तर मी हरकत घेतली नाही. तिसरी पोळी निम्मी झाली आणि मी थांबलो.

"शंभर म्हनत होते," आत्या म्हणाली.

"तीनच खातो," मी म्हणालो. "एरवी दोन."

दाराआड अनसूया हसली. तिचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा नीट ऐकला. आत्यानं मला आणखी अर्धी पोळी आग्रहानं वाढली, ती मी मानानं खाल्ली आणि त्याची फळं पुढं भोगली. सुपारी फोडायचं त्याच संध्याकाळी ठरलं.

दुसऱ्या दिवशी मुलीला लुगडं घ्यायला म्हणून किसनरावांबरोबर आम्ही रिसोडला गेलो. रिसोडचा बाजार पाहण्यासारखा आहे. जवारीच्या आणि तुरीच्या राशी, मापाऱ्यांचे आवाज, बैलांच्या गळ्यातल्या घंटा. कापडवाल्यानं एक हिरवं लुगडं उलगडलं आणि म्हणाला, "सेठ, शंभर वर्सं याले काई होत नाई."

"तितकं नको," मामा म्हणाले. "आम्ही तितके नसतो."

ते लुगडं आम्ही घेतलं. हा सगळा वेळ माझ्या पोटात खरोखरच कळा येत होत्या. रात्रभर पुरण आणि तिखट आत भांडत होतं. पण किसनराव शेजारी होते, सखाराम गाडीवर होता. मी तोंडातून ब्र काढला नाही. वाशीमहून परतीच्या मोटारीत बसल्यावर मामांनी विचारलं, "कसा आहेस?"

"बरा आहे तसा," मी म्हणालो.

मामांनी चमकून माझ्याकडे पाहिलं. मोटार मालेगावला थांबली तेव्हा ते उतरले आणि ओव्याची पुडी घेऊन आले. मेडशी गेली, घाट गेला. सागाची झाडी मी यावेळी डोळे मिटूनच पाहिली.

घरी पोचलो तर आई दारातच. "कशी आहे मुलगी?"

"चांगली आहे."

आईचा चेहरा उतरला. "चांगली? नुसतीच चांगली? मग काहीतरी खोट दिसतेय."

मला म्हणावं लागलं की त्रिभुवनात अशी मुलगी शोधून सापडणार नाही. तेव्हा कुठं तिला धीर आला आणि तिनं चहा टाकला.

वैशाखात लग्न झालं. जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी सांगतो. माघातच जा, वैशाखात त्या काळ्या मातीच्या वाटेवर ऊन असं असतं की, असो, खूप ऊन असतं. आणि वाटेत कुणी तब्येत विचारली तर नीट सांगा. गोदाक्का हल्ली दिवाळीनंतर महिनाभर आमच्याकडे राहते. आईचं आणि तिचं फार जमतं, आई दिवसातून पाच वेळा मरते आणि गोदाक्का प्रत्येक वेळी शांतपणे तिला पाणी देते.

माझी सवय गेली असं कुणी समजू नये. गेल्या पावसाळ्यातसुद्धा मी सर्दीनं चारदा स्वर्गवासी झालो. अनसूया अशा वेळी मान वर करत नाही. "हाव," म्हणते, आणि भाजी निवडत राहते. सुरुवातीला मला त्याचा राग यायचा. नवरा मरतोय आणि ही शेंगा सोलतेय.

मग भादव्यात एकदा शाळेतून घरी आलो आणि कोट न काढताच खाटेवर बसलो. अनसूया सूप घेऊन बसली होती. तिनं विचारलं, "काहून असे बसले?"

मी म्हणालो, "काही नाही. थोडं बरं वाटत नाहीये."

तिनं सूप तसंच टाकलं. शेजारच्याला हाक मारून डॉक्टरांकडे पाठवलं, मला आडवं केलं, कपाळावर ओली पट्टी ठेवली. माझं बोलणं पुरतं संपायच्या आत हे सगळं झालं होतं. डॉक्टर आले, विषमज्वर निघाला. वेळेवर बोलावलंत, ते म्हणाले. किती दिवस मी पडून होतो ते मला आठवत नाही. तिच्या हातातला मऊ भात आठवतो, आणि यावेळी पोळीची वाट पाहिली नाही हेही.

बरा होऊन उठून बसायला लागलो तेव्हा मी तिला विचारलं, "त्या दिवशी तुला कसं कळलं? मी तर काहीच बोललो नव्हतो."

ती माझ्या उशीचा अभ्रा बदलत होती.

"तुमी मेलो म्हनले नाई," ती म्हणाली.